म्हणणे खरे, पण त्यातून निष्कर्ष निघतो का? रोजच्या वादातील तर्कदोष ओळखण्यासाठी

जयंतीच्या वर्गणीची बैठक असो, ग्रामसभा असो, एसटीतला प्रवास असो की गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरची रात्रीची चकमक. आपल्या कार्यकर्त्यांना वाद घालावाच लागतो. आरक्षण, ॲट्रॉसिटी कायदा, धर्मांतर, लेणी, नामांतर हे विषय आपण शोधायला जात नाही, ते आपल्यासमोर येऊन उभे राहतात. अशा वेळी समोरच्याच्या बोलण्यात काहीतरी चुकते आहे हे कळते, पण नेमके काय चुकते ते सांगता येत नाही. मग आवाज चढतो आणि बाजू खरी असूनही वाद हातचा जातो. ती चूक नेमकी दाखवता यावी, आणि तीच चूक आपल्या बोलण्यात शिरली तर आधी आपल्याला दिसावी, यासाठी ही माहिती एकत्र केली आहे. उदाहरणे शक्य तितकी धाराशिव जिल्ह्यातली आणि मराठवाड्यातली घेतली आहेत.

तर्कदोष म्हणजे काय?

प्रत्येक युक्तिवादात एक कारण असते आणि एक निष्कर्ष असतो. "अमुक आहे, म्हणून तमुक आहे." यात दोन ठिकाणी गफलत होऊ शकते. कारणच खोटे असेल तर ती माहितीची चूक. तिला उत्तर कागदपत्राने, आकड्याने, पुराव्याने द्यायचे असते. कारण खरे असूनही त्यातून तो निष्कर्ष निघत नसेल, तर तो तर्कदोष. म्हणजे गडबड 'म्हणून' या शब्दात असते. आपल्याकडच्या प्राचीन तर्कशास्त्राने याला हेत्वाभास म्हटले. हेतू म्हणजे कारण. जे कारणासारखे भासते पण कारण नसते, तो हेत्वाभास.

त्यामुळे कोणताही वाद ऐकताना एक प्रश्न मनात ठेवावा: हे म्हणणे खरे मानले, तरी त्यातून हा निष्कर्ष निघतो का?

या प्रश्नाचा उत्तम वापर बाबासाहेबांनी करून दाखवला आहे. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या परिषदेसाठी लिहिलेले आणि तिथे होऊ न शकलेले भाषण त्यांनी १९३६ मध्ये स्वतः छापले. 'जातिनिर्मूलन' म्हणून आपण ते ओळखतो. गांधीजींनी 'हरिजन'मधून त्यावर टीका केली. धर्माची पारख त्याच्या वाईट अनुयायांवरून करू नये, त्याने घडवलेल्या उत्तम माणसांवरून करावी, असा त्यांचा एक मुद्दा होता. बाबासाहेबांनी ते विधान खोडून काढण्यात वेळ घालवला नाही. ते मान्य करूनच त्यांनी विचारले, की मग वाईट माणसे इतकी अधिक आणि चांगली इतकी थोडी का? चांगल्या माणसांची मोजकी उदाहरणे देऊन समाजव्यवस्था निर्दोष ठरत नाही, हे त्या एका प्रश्नाने उघड झाले. समोरच्याचे वाक्य मान्य करूनही त्याचा निष्कर्ष अडवता येतो, हे यातून शिकण्यासारखे आहे.

दिङ्नागांच्या तीन कसोट्या

तर्कशास्त्र ही पाश्चात्त्यांची देणगी आहे, असा समज आपल्या तरुणांतही आढळतो. पण आचार्य दिङ्नाग (पाचवे-सहावे शतक) आणि आचार्य धर्मकीर्ती (सातवे शतक) यांनी बौद्ध परंपरेत प्रमाणशास्त्र उभे केले. दिङ्नागांचा 'प्रमाणसमुच्चय' आणि धर्मकीर्तींचा 'प्रमाणवार्तिक' हे त्यातले पायाभूत ग्रंथ. कारण खरे केव्हा मानावे, याच्या तीन कसोट्या या परंपरेने दिल्या.

नेहमीचे उदाहरण घेऊ: "डोंगरावर आग आहे, कारण तिथे धूर आहे."

पहिली कसोटी: कारण त्या जागी खरोखर आहे का? डोंगरावर दिसते तो धूरच आहे, की धुके किंवा धूळ?

दुसरी कसोटी: निष्कर्ष जिथे नक्की खरा आहे, अशा दुसऱ्या ठिकाणी हे कारण दिसते का? चुलीत आग असते आणि तिथे धूर दिसतो. म्हणजे जोडी जुळते.

तिसरी कसोटी: निष्कर्ष जिथे खोटा आहे, तिथे हे कारण आढळत नाही ना? तळ्यात आग नसते, आणि तिथे धूरही नसतो. जिथे आग नाही अशा एकाही जागी धूर सापडला, तर धुरावरून आगीचे अनुमान करता येणार नाही.

बहुतेक तर्कदोष तिसऱ्या कसोटीला पडतात. आपल्या मताला जुळणारी उदाहरणे आपण गोळा करतो. न जुळणारे उदाहरण शोधायला जात नाही.

तेर आणि धाराशिव लेणी: कसोटी आपल्याच दाव्याला

आता हीच कसोटी आपल्या जिल्ह्यातल्या एका जिव्हाळ्याच्या विषयाला लावू. तेरणाकाठचे तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात पैठणबरोबर तगरचा उल्लेख येतो. इथला माल गाड्यांतून भडोचच्या बंदरात जात असे. तेरच्या उत्खननात सातवाहनकालीन विटांच्या स्तूपाचे अवशेष मिळाले आहेत. याच गावात त्रिविक्रमाचे विटांचे प्राचीन मंदिर आहे. त्याचा मागचा भाग गोलाकार आणि छप्पर गजपृष्ठाकार, चैत्यगृहासारखे आहे. हे मुळात बौद्ध चैत्यगृह असावे, असे मत हेन्री कझिन्स यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडले, आणि ते अनेकांनी स्वीकारले.

आपल्या भाषणांत मात्र हा मुद्दा असा येतो: "मंदिराचा आकार चैत्यासारखा आहे, म्हणून ते बौद्धच." याला तिसरी कसोटी लावा. चैत्यासारखा गोल मागचा भाग असलेले, पण बौद्ध नसलेले प्राचीन मंदिर कुठे आहे का? आहे. कर्नाटकातल्या ऐहोळेचे प्रसिद्ध दुर्ग मंदिर तसेच आहे आणि ते मुळापासून हिंदू मंदिर आहे. म्हणजे निव्वळ आकार हे पुरेसे कारण नव्हे. त्याला विटांचा काळ, बांधणीची पद्धत, जवळच सापडलेला स्तूप अशा इतर पुराव्यांची जोड द्यावी लागते. उलट बाजूचा युक्तिवादही तितकाच लंगडा आहे: "आज आत त्रिविक्रमाची मूर्ती आहे, म्हणून ते पहिल्यापासून वैष्णव मंदिरच." आज कोणती मूर्ती आहे यावरून वास्तू मूळ कोणाची हे ठरत नाही, कारण पूजास्थानांचे हस्तांतर आपल्या देशात अनेकदा झाले आहे.

धाराशिव शहराजवळच्या डोंगरातील लेण्यांचेही तसेच. मोठा सभामंडप आणि भोवती राहण्याच्या खोल्या ही इथली रचना अजिंठ्याच्या वाकाटककालीन विहारांची आठवण करून देते. दुसरीकडे आत पार्श्वनाथांची मूर्ती पूजिली जाते आणि अकराव्या शतकातील कनकामर मुनींच्या 'करकंडचरिउ' या अपभ्रंश काव्यात या परिसरातील जैन लेण्यांची कथा आहे. जेम्स बर्जेस यांनी ही लेणी जैन मानली. काही अभ्यासक ती मूळची बौद्ध आणि नंतर जैन झाली असे मानतात. "खोल्या आहेत म्हणून बौद्धच" आणि "मूर्ती आहे म्हणून मुळापासून जैनच" ही दोन्ही वाक्ये घाईची आहेत.

हे सांगणे म्हणजे आपला वारसा सोडून देणे, असे कोणाला वाटेल. वस्तुस्थिती उलटी आहे. तेरचा स्तूप हा जमिनीतून निघालेला भक्कम पुरावा आहे. त्याच्या शेजारी आपण "जिल्ह्यातले प्रत्येक जुने देऊळ विहारच होते" असे विधान ठेवले, की ऐकणारा त्या एका कच्च्या विधानावरून पक्का पुरावाही बाजूला सारतो. नुकसान आपलेच होते.

आता नेहमी भेटणारे दोष एकेक करून पाहू.

१. मुद्दा सोडून माणसावर जाणे

"हा काय सांगतो, याचा बाप काय करत होता ते गावाला माहीत आहे." "ही कोणत्या पक्षाची ते आधी विचारा." बोलणाऱ्याची जात, पक्ष, शिक्षण किंवा चारित्र्य पुढे करून त्याचा मुद्दा उडवणे हा सर्वांत जुना आणि सर्वांत सोपा दोष. ग्रामसभेत पाणीपुरवठ्याच्या खर्चाचा हिशेब मागणारा माणूस कितीही भांडखोर असला, तरी हिशेब द्यावाच लागतो. मात्र एक भेद लक्षात ठेवावा. साक्षीदार म्हणून कोणी काही सांगत असेल, तर त्याचा त्यात स्वार्थ आहे का हे विचारणे रास्त आहे. तो युक्तिवाद करत असेल, तर युक्तिवादच तपासावा.

२. बुजगावणे उभे करणे

समोरचा जे बोललाच नाही ते त्याच्या तोंडी घालायचे आणि मग त्याच्यावर तुटून पडायचे. "प्रतिनिधित्व हवे" असे म्हटले, की उत्तर येते, "म्हणजे तुम्हाला गुणवत्ताच नको." गुणवत्ता नको असे कोणी म्हटलेले नसते. शेतातले बुजगावणे पाडणे सोपे असते, कारण ते उलटून बोलत नाही. उपाय एकच: "मी असे म्हटले नाही. माझे वाक्य असे होते," एवढे शांतपणे सांगून मूळ वाक्य पुन्हा मांडावे. आणि आपण उत्तर देण्यापूर्वी समोरच्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगून "हेच ना?" असे विचारून घ्यावे.

३. दोनच वाटा दाखवणे

जिल्ह्याच्या नावावरून गेल्या काही वर्षांत हा दोष घरोघरी पोहोचला. नावाच्या बदलाला केंद्राने २४ फेब्रुवारी २०२३ रोजी मान्यता दिली. त्या काळात कट्ट्यावर ऐकू येणारा सूर असा: "धाराशिव म्हणशील तर तू त्यांचा, उस्मानाबाद म्हणशील तर तू रझाकारांचा." धाराशिव हे जुने नाव आहे आणि उस्मानाबाद हे नाव शेवटचे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून आले, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. जुने नाव आवडणारा माणूस मुस्लिम शेजाऱ्याच्या विरोधात असतोच असे नाही. सवयीने उस्मानाबाद म्हणणारा निजामाचा भक्त असतो असेही नाही. कोणी दोनच वाटा दाखवल्या, की तिसरी आहे का ते पाहावे. बहुधा ती असते.

४. एका दाण्यावरून पोते

"आमच्या ऑफिसात एक साहेब आहे, त्याच्या पोराला काय गरज सवलतीची?" एका कुटुंबावरून संपूर्ण समाजाविषयी निष्कर्ष काढणे हे घाईचे सामान्यीकरण. भाताचे एक शीत चाचपून भात शिजला का ते कळते, कारण सगळे शिते एकाच पातेल्यात, एकाच आचेवर शिजलेली असतात. माणसे तशी एकसारखी शिजलेली नसतात.

याचेच गंभीर रूप ॲट्रॉसिटी कायद्याविषयी दिसते: "इतके आरोपी निर्दोष सुटतात, म्हणजे तक्रारी खोट्याच असतात." आरोपी सुटतो तो साक्षीदार फितूर झाल्यामुळे, तपास ढिसाळ झाल्यामुळे, पंचनामा उशिरा झाल्यामुळे, किंवा तक्रार खरोखर खोटी असल्यामुळेही. निर्दोष सुटणे या एका घटनेमागे अनेक कारणे असू शकतात; त्यातले सोयीचे एकच उचलणे हा तर्कदोष आहे. हा वाद न्यायालयातही झाला. महाराष्ट्रातील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २० मार्च २०१८ रोजी या कायद्यातील गुन्हा नोंदवणे आणि अटक यांवर पूर्वचौकशीच्या व पूर्वपरवानगीच्या अटी घातल्या. देशभर निषेध झाला, २ एप्रिलला बंद झाला, संसदेने त्याच वर्षी कलम १८-अ आणले. पुढे १ ऑक्टोबर २०१९ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्या अटी मागे घेतल्या. अनुसूचित जाती-जमातींची माणसे कायद्याचा गैरवापर करतात असे सरसकट गृहीत धरता येणार नाही, हे पुनर्विलोकनाच्या त्या निकालातले महत्त्वाचे सूत्र आहे. गैरवापराचे एखादे उदाहरण खरे असू शकते. त्यावरून समूहाविषयी निष्कर्ष निघत नाही.

५. शब्दाचा अर्थ मध्येच बदलणे

जुन्या तर्कग्रंथांत 'छल' नावाच्या दोषाचे एक गमतीचे उदाहरण आहे. एक जण म्हणतो, "हा नवकंबल आहे," म्हणजे याच्या अंगावर नवी घोंगडी आहे. दुसरा म्हणतो, "कुठे आहेत नऊ घोंगड्या? मला तर एकच दिसते." नव म्हणजे नवे आणि नव म्हणजे नऊ.

आपल्याला रोज भेटणारा छल असा: "बौद्ध धम्मात जात नाही म्हणता, मग जातीचा दाखला कशाला काढता?" यात 'जात नाही' या शब्दांचे दोन अर्थ मिसळले आहेत. धम्म जात मानत नाही, हा एक अर्थ. समाजाने जात पाळणे थांबवले आहे, हा दुसरा. पहिला खरा आहे म्हणून दुसरा खरा ठरत नाही. धम्म स्वीकारला म्हणून गावाची वागणूक त्याच दिवशी बदलली नाही. कायद्यानेही ही गोष्ट ओळखली. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशात सुरुवातीला फक्त हिंदूंचा समावेश होता. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला.

६. "तुमच्यात तरी कुठे?"

पाणवठ्यावरच्या भेदभावाविषयी बोलावे, तर उत्तर येते, "तुमच्यातही पोटजाती आहेत, तुमच्यातच गट आहेत." हे म्हणणे अनेकदा खरे असते, आणि ते आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पण आपल्यातील दोष खरा असल्याने पाणवठ्यावरचा भेदभाव योग्य ठरत नाही. उत्तर असे द्यावे: "तो प्रश्नही खरा आहे. त्यावर वेगळे बोलू. आधी पाण्याचे सांगा." आणि आपल्या संघटनेवर हिशेबाचा प्रश्न आला, तर "त्या संघटनेने कुठे हिशेब दिला?" असे आपणही म्हणू नये. तोही हाच दोष आहे.

७. घसरगुंडी आणि विषयांतर

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळाली. नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला. म्हणजे तब्बल साडेपंधरा वर्षे. या काळात "आज विद्यापीठ, उद्या काय काय मागाल" ही घसरगुंडी होती, आणि "नाव बदलून पोट भरणार आहे का?" हे विषयांतर होते. पहिल्यात एका मागणीनंतर दुसरी अटळ आहे, असे पुराव्याविना गृहीत धरलेले असते. दुसऱ्यात प्रश्नच बदलला जातो: मागणी न्याय्य आहे की नाही हे विचारायचे सोडून तिने भूक मिटते का हे विचारले जाते. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्येच औरंगाबादला महाविद्यालय सुरू करून मराठवाड्यातील उच्च शिक्षणाचा पाया घातला होता; चर्चा खरे तर या कामावर व्हायला हवी होती.

इथे आपल्यालाही एक प्रश्न आहे. "नाव बदलून काय होणार?" हा तर्क तेव्हा आपल्याला अन्यायाचा वाटला. जिल्ह्याच्या नावाच्या वेळी सोयीचा म्हणून आपल्यातल्या कोणी तोच वापरला का? वापरला असेल तर फरक काय, हे सांगता आले पाहिजे. फरक असूही शकतो. तो न सांगता तर्क उचलणे म्हणजे दुटप्पीपणा.

८. परंपरा, बहुमत आणि मोठ्यांचे नाव

"पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे" हे एखाद्या गोष्टीचे वय झाले. ती योग्य आहे याचे कारण झाले नाही. महार वतनाविषयी असेच बोलले जाई: वतन हा मान आहे, वाडवडिलांचा वारसा आहे. बाबासाहेबांनी त्या मानाच्या आत डोकावून काय काम, किती वेळ आणि किती मोबदला, हे विचारले. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. आपल्या जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे फेब्रुवारी १९४१ मध्ये झालेली महार-मांग वतनदार परिषद याच लढ्याचा भाग होती.

तथागतांनी केसपुत्त गावच्या कालामांना दिलेला उपदेश अंगुत्तर निकायात आहे. ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात आहे, बोलणारा आपला गुरू आहे, एवढ्यावरून काही स्वीकारू नका, असा त्याचा आशय. त्या यादीत निव्वळ तर्कालाही स्थान आहे, हे आपण बहुधा विसरतो. तर्क जुळला तरी अनुभवाशी आणि परिणामाशी पडताळून पाहा, असा त्याचा अर्थ.

आणि आता आपल्याविषयी. "बाबासाहेब म्हणाले होते" असे लिहून फिरणारी कितीतरी वाक्ये त्यांची नसतात. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून त्यांचे लेखन आणि भाषणे खंडरूपाने प्रसिद्ध केली आहेत. खंड आणि पान सांगता येत नसेल तर ते वाक्य पुढे ढकलू नये. वाक्य खरोखर त्यांचे असले तरी ते का बरोबर आहे हे सांगण्याची जबाबदारी आपलीच राहते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत राजकारणातील भक्तीचा धोका त्यांनीच सांगितला होता.

९. कावळा बसला आणि फांदी मोडली

एक गोष्ट दुसरीनंतर घडली म्हणजे पहिलीमुळेच घडली, हा काकतालीय न्याय. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात भूकंप झाला. किल्लारी, सास्तूर आणि परिसरातील सुमारे आठ हजार माणसे गेली. आदल्या रात्री गणेश विसर्जन झाले होते. अशा वेळी "देव कोपला", "पाप वाढले" असे सांगणारे नेहमी भेटतात. दिङ्नागांची तिसरी कसोटी लावा: त्या रात्री विसर्जन सगळ्या महाराष्ट्रात झाले, घरे मात्र याच पट्ट्यात पडली. इतकी माणसे का गेली याचे उत्तर दगड-मातीच्या जाड भिंती आणि माळवदावरचा मातीचा जड थर यांत होते. त्या उत्तरामुळे पुढची घरे वेगळी बांधता आली. पापाच्या उत्तराने एकही भिंत मजबूत झाली नसती. आपणही "परित्राणपाठ झाला आणि पाऊस आला" असे म्हणतो, तेव्हा त्याच फांदीवर बसलेले असतो.

१०. "खरा आंबेडकरवादी असे करणारच नाही"

आपल्यातल्या कोणी हुंडा घेतला, पोटजात पाहून सोयरीक केली किंवा निधी खाल्ला, की आपण म्हणतो, "तो खरा बौद्ध नव्हेच." व्याख्या बदलली आणि वाईट उदाहरण यादीतून गळाले. बाबासाहेबांनी १९३६ साली विचारलेला प्रश्न इथे आपल्यालाच लागू होतो: असे लोक किती आहेत, आणि का आहेत? तो माणूस आपल्यातलाच आहे हे मान्य केले, तरच सुधारणेचे काम सुरू होते.

दोन सावधगिरीच्या सूचना

तर्कदोषांची यादी हाती आली, की ती हत्यारासारखी फिरवण्याचा मोह होतो. म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

पहिली: युक्तिवाद चुकला म्हणून निष्कर्ष खोटा ठरत नाही. निव्वळ आकारावरून तेरचे मंदिर बौद्ध ठरत नाही, याचा अर्थ ते बौद्ध नव्हते असाही होत नाही. अर्थ एवढाच, की आणखी पुरावा हवा.

दुसरी: भावना म्हणजे तर्कदोष नव्हे. ज्याच्या घरावर हल्ला झाला तो रडत बोलेल, चिडून बोलेल. "भावनिक होऊ नका, मुद्द्यावर या," असे त्याला सुनावणे ही मुद्दा टाळण्याची युक्ती आहे. राग असूनही म्हणणे खरे असू शकते, आणि शांत, गोड आवाजात धडधडीत चुकीचा तर्क मांडता येतो. तपासायचे असते ते कारण आणि निष्कर्ष यांच्यातील नाते.

वादात उतरताना विचारायचे पाच प्रश्न

एक, नेमका दावा काय आहे? तो एका वाक्यात सांगता येतो का?
दोन, त्यासाठी दिलेले कारण खरे आहे का, आणि ते कुठून कळले?
तीन, कारण खरे मानले तरी निष्कर्ष निघतो का?
चार, हे कारण असूनही निष्कर्ष खोटा आहे, असे एखादे उदाहरण सापडते का?
पाच, हाच तर्क माझ्या विरोधात वापरला तर मी तो मान्य करीन का?

पाचवा प्रश्न सर्वांत कठीण आहे. तो बैठकीच्या आधी, आपल्या माणसांत बसून विचारावा. शाखेच्या साप्ताहिक वंदनेनंतर अर्धा तास काढून एखादी फिरणारी पोस्ट घ्यावी आणि या पाच प्रश्नांतून न्यावी. पोस्ट आपल्या बाजूची असेल तर अधिक चांगले.

औरंगाबादच्या त्या महाविद्यालयाला मिलिंद राजाचे नाव आहे आणि परिसराला नागसेनवन म्हणतात. 'मिलिंदपञ्ह'मध्ये राजा संवादाला बसतो तेव्हा भिक्खू नागसेन आधी विचारतात, की चर्चा पंडितांसारखी करायची की राजांसारखी? पंडितांच्या चर्चेत गुंता होतो, तो सुटतो, चूक दाखवली जाते, ती मान्य होते, आणि कोणी रागावत नाही. राजांच्या चर्चेत राजा एक म्हणणे मांडतो आणि जो विरोध करील त्याला शिक्षा होते. मिलिंदाने पंडितांची रीत पत्करली. आज प्रत्येक ग्रुपचा ॲडमिन आणि प्रत्येक बैठकीचा अध्यक्ष यांच्या हाती छोटेसे राजेपण असतेच. विरोध करणाऱ्याला ग्रुपमधून काढण्याआधी नागसेनांचा प्रश्न स्वतःला विचारून पाहावा.